अळी जिवंत दिसली, म्हणून औषध बोगस नव्हे



मागील हंगामात एक सभासद तावातावाने गट ऑफिसात आले. पूर्वहंगामी उसातील हरभऱ्यावर त्यांनी घाटेअळीसाठी बीटी पावडर फवारली होती. "साहेब, दुसऱ्या दिवशीबी अळ्या जित्त्याच! आज जहाल औषध मारतो," असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांच्याबरोबर रानात गेलो. अळ्या जिवंत होत्या खऱ्या, पण एकही खात नव्हती. घाट्यांवर नवी कुरतड नव्हती.

बीटी हा एक जिवाणू आहे. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना तो रोगट रेशीमकिड्यांत सापडला. हा जिवाणू प्रथिनाचे बारीक स्फटिक तयार करतो. अळीने पानाबरोबर ते खाल्ले, की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात ते विरघळतात. तेथील पाचक रस प्रथिनाचा काही भाग छाटतात आणि मग विष जागे होते. आतड्याच्या पेशींवरील ठरावीक जागांना ते चिकटते. त्याचे काही कण एकत्र येऊन पेशीच्या पातळ पडद्यात आरपार छिद्र पाडतात. खेकड्याने बांधाला भोक पाडले की पाणी आवरत नाही, तसेच येथे होते. क्षार व पाणी आत घुसते, पेशी फुगून फुटते. आतडे निकामी झाल्याने अळी खाणे थांबवते. मरायला मात्र दोन-तीन दिवस लागतात.

माणसाच्या जठरातील रस आम्लधर्मी असतो आणि विषाला चिकटायला तशा जागाही आपल्या आतड्यात नसतात. तरीही फवारताना तोंडाला फडके बांधावेच.

यावरून ध्यानात ठेवावे:

१. अळी लहान असतानाच फवारावे. उन्हाने बीटी निकामी होते, म्हणून संध्याकाळची वेळ धरावी.

२. विष पोटात गेले तरच काम होते. उसाच्या कोंबात शिरलेल्या खोडकिडीपर्यंत फवारा पोचत नाही. तिच्यासाठी ट्रायकोकार्ड वेळेवर लावावीत व बाळबांधणी करावी.

३. तुतीच्या बागेजवळ बीटी मारू नये. रेशीमकिडा हीदेखील अळीच आहे!

त्या सभासदांनी आमच्या शब्दावर पंप खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी अळ्या काळ्या पडून लोंबत होत्या. दुसऱ्या फवारणीचा खर्च वाचला, मित्रकीटकही वाचले. तेव्हा फवारणीनंतर अळी हलते का, हे पाहू नका; ती खाते का, ते पाहा. शंका आल्यास दुसरे औषध कालवण्याआधी गट ऑफिसात या.