बाळाचे फोटो नातेवाइकांना पाठविताना : अ‍ॅप निवडावे कसे?

गेल्या वर्षी देहूत आमच्या घरी नातीचा अकीका झाला. तिचा फ्रॉक माझ्याच दुकानातल्या ताक्यातून शिवलेला होता. धाकट्या मुलाने तिचा फोटो काढला आणि खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. या ग्रुपमध्ये दीडशेच्या आसपास माणसे आहेत. थोरला मुलगा शारजात, बहीण मालेगावात, व्याही सोलापुरात. सर्वांनी मुबारकबाद दिली, विषय संपला.

तीन महिन्यांनी लहान मुलांच्या रेडीमेड कपड्यांचा एक सेल्समन दुकानात आला. त्याने मोबाईलवर कॅटलॉग दाखविला. सातव्या-आठव्या फोटोत माझी नात होती. खाली भाव आणि ‘साईज १ ते ३ वर्षे’ असे लिहिलेले. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. तीच मुलगी, तोच फ्रॉक. सेल्समनचा दोष नव्हता. तो म्हणाला, “शेठ, आम्हाला फोटो वरून येतात, आम्ही पुढे दाखवितो.” त्याच्या ठोक व्यापाऱ्याला फोन केला. त्याने माफी मागितली व फोटो काढून टाकला. पण तोवर तो कॅटलॉग किती दुकानांत गेला असेल, हे त्यालाही सांगता आले नाही.

घरी येऊन मी रागाने बोलू लागलो तेव्हा सून शांतपणे म्हणाली, “अब्बा, आपल्या दुकानाच्या स्टेटसवरही गिऱ्हाइकांची मुले असतातच की. त्यांच्या आईबापांना आपण कुठे विचारतो?” मला उत्तर सुचले नाही. ईदच्या आधी नवे कपडे घातलेली मुले दुकानात दिसली की मी फोटो काढत असे आणि स्टेटसवर लावत असे. त्याला मी जाहिरात समजत होतो.

त्या दिवसापासून मी या विषयाची चौकशी सुरू केली. मुलाने मदत केली. जे समजले ते व्यापारी व कारागीर बांधवांसमोर ठेवीत आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांची मुले-नातवंडे परगावी किंवा परदेशी आहेत. एके काळी कोकणातले लोक आखातात असलेल्या घरधन्याला कॅसेटमध्ये आवाज भरून पाठवीत, पाकिटात फोटो घालीत. ते पाकीट एकच माणूस उघडत असे. आजचा फोटो एका बोटाने शंभर घरांत जातो.

कुलूप रस्त्याला असते, माणसाला नसते

व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ साली सर्व संदेशांना टोकापासून टोकापर्यंत कुलूप लावले. म्हणजे पाठविणारा व घेणारा यांच्याखेरीज मधल्या कोणाला, खुद्द कंपनीलाही, फोटो पाहता येत नाही. हे खरे आहे आणि चांगले आहे. परंतु माल ट्रकमध्ये सीलबंद असला तरी ज्याच्या गाळ्यात उतरतो तो पुढे कोणाला देईल, हे सील ठरवीत नाही. माझ्या नातीचा फोटो रस्त्यात कोणी चोरला नाही. आपल्यातल्याच कोणी तो कौतुकाने स्टेटसवर लावला असेल, कोणी पुढे पाठविला असेल. म्हणून अ‍ॅप निवडण्याआधी माणसे निवडावी लागतात.

आपण नवा माल घेताना सूत पाहतो, पाणी लावून रंग पक्का आहे का तपासतो. तसेच चार प्रश्न अ‍ॅपला विचारावेत. फोटो कोण पाहू शकतो? फोटो कोठे साठतो? कंपनीचे पोट कशावर भरते? आणि कंपनीने दुकान बंद केले तर आपला माल परत कसा मिळतो?

बाजारात काय काय आहे

व्हॉट्सअ‍ॅप सर्वांकडे आहे, मराठीत चालते, हा त्याचा मोठा फायदा. मात्र फोनच्या गॅलरीत फोटो आपोआप उतरतात, तेथून कोणीही पुढे पाठवितो. याला काही उपाय आहेत. ‘एकदाच पाहा’ ही सोय २०२१ मध्ये आली. २०२५ मध्ये आलेली प्रगत चॅट गोपनीयता चालू केली की त्या ग्रुपमधले फोटो आपोआप गॅलरीत उतरत नाहीत आणि पूर्ण चॅट बाहेर काढता येत नाही. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आपण स्वतः कुलूपबंद केल्याशिवाय तसा होत नाही. ही सोयही २०२१ पासून सेटिंगमध्ये आहे, पण ती आपणच चालू करावी लागते.

सिग्नल हे अ‍ॅप नफा न कमावणारी संस्था चालविते. जाहिरात नाही, कुलूप पक्के. अडचण एवढीच की नातेवाईक त्यावर नसतात, आणि बॅकअप आधी चालू केला नसेल तर फोन हरवला की फोटोही गेले. टेलिग्रामबद्दल मोठा गैरसमज आहे. त्याच्या साध्या चॅटला व ग्रुपला टोकापासून टोकापर्यंतचे कुलूप नसते. ते फक्त दोन माणसांच्या ‘सीक्रेट चॅट’ला असते.

गुगल फोटोजमध्ये अल्बम तयार करून घरच्यांना देता येतो. साठवण व शोध उत्तम. पण अल्बमची लिंक चालू ठेवली तर ती ज्याच्या हाती पडेल तो अल्बम पाहू शकतो. म्हणून लिंक बंद ठेवून ज्याला हवे त्यालाच त्याच्या खात्यावरून बोलवावे. फोटो कोणत्या जागी काढला ही माहितीही अल्बमबरोबर जाऊ शकते. ती बंद करण्याचे बटण तेथेच आहे. पूर्वी यात हवे तितके फोटो फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून ते बंद झाले. आता १५ जीबीपर्यंत फुकट, पुढे पैसे, आणि त्या १५ जीबीत ईमेलही मोजले जातात.

केवळ बाळाच्या फोटोंसाठी निघालेली अ‍ॅपही आहेत. जपानच्या मिक्सी कंपनीचे फॅमिलीअल्बम २०१५ मध्ये निघाले. ऑस्ट्रेलियातले टायनीबीन्स २०१२ सालचे. यांत ज्याला बोलवाल तोच आत येतो, आणि महिन्यामहिन्याने बाळ कसे वाढले हे ओळीने दिसते. फॅमिलीअल्बम फुकट वापरता येते, मात्र त्यात जाहिराती असतात व जादा सोयींसाठी पैसे पडतात. फोटो कंपनीच्या सर्व्हरवर राहतात, हे मात्र लक्षात ठेवावे. आत आलेला माणूस स्क्रीनचा फोटो काढू शकतो, हे येथेही आहेच.

फुकट मालाची किंमत

अमेरिकेत ‘एव्हर’ नावाचे फोटो साठविण्याचे एक अ‍ॅप होते. लोक घरचे फोटो त्यात ठेवीत. कंपनीने त्याच फोटोंवर चेहरा ओळखणारे तंत्र तयार केले व ते इतर कंपन्यांना विकायला काढले, हे २०१९ मध्ये उघड झाले. २०२० मध्ये ते अ‍ॅप बंद पडले. खाते बंद करणाऱ्यांचे फोटोही कंपनीने पुसले नव्हते, असा आरोप तेथील सरकारी व्यापार आयोगाने ठेवला. २०२१ मध्ये कंपनीला त्या फोटोंबरोबर त्यांच्यावर उभारलेले तंत्रही नष्ट करावे लागले. आणि आपल्याकडे ऑर्कुटवर किती तरुणांनी फोटो टाकले होते! सप्टेंबर २०१४ मध्ये ते बंद झाले. ज्यांनी आपले फोटो वेळीच उतरवून घेतले नाहीत, त्यांच्यापैकी कितीजणांकडे ते आज असतील?

दुकानदाराला लागू पडणारी गोष्ट

२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून मुख्य कलमे टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे त्यात ठरले आहे. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकजण मूल आहे. त्याची माहिती वापरावयाची तर आईबापांची खातरजमा करता येईल अशी संमती लागते. मुलांबाबतचे कर्तव्य मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे.

यातला बारकावा व्यापाऱ्याने समजून घ्यावा. माणूस स्वतःच्या घरगुती कामासाठी जी माहिती ठेवतो ती या कायद्याबाहेर आहे. म्हणजे आजोबाने नातीचा फोटो घरात पाठविला तर हा कायदा आड येत नाही. पण दुकानाची जाहिरात हे घरगुती काम नव्हे. तोच आजोबा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाच्या मुलाचा फोटो लावतो, तेव्हा हिशोब बदलतो. कायदा बाजूला ठेवला तरी गिऱ्हाइकाचे मूल ही दुकानात आलेली अमानत आहे, मालाचा नमुना नव्हे.

कोणी म्हणेल, आपल्या देहूत पालखीच्या दिवशी हजारो मोबाईल चालू असतात, अनगडशाह बाबांच्या दर्ग्याजवळ पहिली अभंग आरती होते तेव्हा आपली मुलेही फोटोत येतात, तेथे कोणाला विचारावे? ती गर्दी आहे, सण आहे, तेथे मूल हजारांतले एक असते. नाव, भाव आणि साईज लिहून एकट्या मुलाचा फोटो फिरविणे ही निराळी गोष्ट आहे.

आम्ही काय ठरविले

महिनाभर आम्ही बाळाच्या फोटोंचे खास अ‍ॅप वापरून पाहिले. शारजातल्या मुलाला ते फार आवडले. मालेगावच्या बहिणीला इंग्रजी जमेना, ती दर वेळी भाच्याची वाट पाही. सोलापूरच्या नानीकडे तर बटणाचाच फोन आहे. शेवटी सुनेने अकरा माणसांचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. प्रगत गोपनीयता चालू, बॅकअपला कुलूप. नियम तीन : आंघोळीचा किंवा अंगावर कपडे नसलेला फोटो नाही, फोटोसोबत दवाखान्याचे वा शाळेचे नाव नाही, आणि आईबापांच्या इजाजतीशिवाय पुढे पाठविणे नाही. सर्व फोटो दर महिन्याला हार्ड डिस्कवर उतरतात. नानीसाठी दर दोन महिन्यांनी स्टुडिओतून दहा प्रिंट काढून टपालाने जातात. ती ते उशाखाली ठेवते, असे व्याही सांगतात.

खानदानाच्या मोठ्या ग्रुपवर हे सांगणे सोपे नव्हते. एका चुलतभावाने विचारले, “आम्ही काय परके झालो?” त्याला मी कॅटलॉगची हकीकत सांगितली. तो ऐकून गप्प झाला, पण अजून थोडा नाराज आहे. ती नाराजी मी सोसायचे ठरविले आहे.

दुकानात जुने सर्व स्टेटस आणि मोबाईलमधले गिऱ्हाइकांच्या मुलांचे फोटो पुसून टाकले. आता फ्रॉक पुतळ्यावर चढवून फोटो काढतो. कोणी हौसेने मुलाचा फोटो लावा म्हणाले तर आईबापांची सही चोपडीत घेतो, आणि नको म्हणाले की त्याच दिवशी काढतो. स्टेटस पाहणारे थोडे कमी झाले असतील. गिऱ्हाईक कमी झालेले नाही.

बांधवांना एकच विनंती. आज रात्री दुकान वाढविल्यावर मोबाईलची गॅलरी उघडा आणि दुसऱ्यांच्या मुलांचे किती फोटो आपल्याकडे पडून आहेत, हे मोजा. मी मोजले तेव्हा ते दोनशेच्या वर निघाले.