आश्रय आणि राज्याराज्यांचे करार



कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकास ‘शरण’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. परंतु शरण मागणारा मनुष्य एखाद्या राज्याच्या दारी यावा, आणि ते दार बंद ठेवण्याचे वचन त्या राज्याने दुसऱ्या राज्यास आधीच देऊन ठेवलेले असावे. मग त्या मनुष्याचा हक्क कोठे राहिला? हा प्रश्न नागपूरकरांस नवा नाही.

1817 साली सीताबर्डीच्या लढाईत पराभव झाल्यावर आप्पासाहेब भोसले पुढे इंग्रजांच्या कैदेत पडले. 1818 साली प्रयागकडे नेले जात असता ते पहाऱ्यातून निसटले आणि अनेक वर्षांच्या भटकंतीनंतर जोधपूरच्या महामंदिरात आश्रयास गेले. इंग्रजांनी त्यांची मागणी केली. महाराजा मानसिंह 1818 च्या तहाने कंपनी सरकारचे अंकित होऊन सहकार्यास बांधलेले होते. तरीही शरणागतास स्वाधीन करण्याचे त्यांनी नाकारले. अखेर आप्पासाहेबांच्या वर्तनाची जबाबदारी महाराजांवर टाकून इंग्रजांनी आग्रह सोडला. 1840 साली आप्पासाहेब जोधपुरातच वारले.

आप्पासाहेब पदच्युत राजे होते. सामान्य निर्वासिताशी त्यांची सर्वस्वी तुलना होणार नाही. तथापि मानसिंहांस केवळ धर्माचा व परंपरेचा आधार होता, तेथे आज कायदाही आहे. 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराचे 33 वे कलम सांगते की, वंश, धर्म वा मतामुळे जेथे जीवितास धोका आहे, तेथे निर्वासितास परत लोटू नये. भारताची या करारावर सही नाही. परंतु परकीयाच्याही जीविताचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली चकमा निर्वासितांच्या प्रकरणी सांगितले.

मग राज्यांनी सरहद्दीच्या बंदोबस्तासाठी सहकार्य करूच नये काय? अवश्य करावे, पण त्यास मर्यादा आहे. मे 2009 मध्ये इटलीच्या जहाजांनी भूमध्य समुद्रात सोमाली व एरिट्रियन लोकांस अडवून, कोणाचीही चौकशी न करता, लिबियात नेऊन सोडले. लिबियाशी आपला करार आहे, हा इटलीचा बचाव. 2012 साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तो फेटाळला.

पुढे 2017 साली इटलीने लिबियाच्याच तटरक्षकांस साहाय्य देण्याचा समझोता केला. पैसा एकाचा, अडविणारा हात दुसऱ्याचा! येथे जबाबदारी कोणाची, हा वाद कठीण आहे. पण त्याची कसोटी साधी आहे. करार ज्या दोघांनी केला, त्या दोघांस तो बांधतो. ज्याचा जीव पणास लागला आहे, त्या तिसऱ्याचा हक्क सोडून देण्याचा अधिकार त्या दोघांपैकी कोणासही नाही.