पागेतील उमेदवारी

मालाड स्थानकाच्या पश्चिमेकडून जाणारा स्वामी विवेकानंद मार्ग पूर्वी घोडबंदर रस्ता म्हणून ओळखला जात असे, आणि उत्तरेस तो ज्या घोडबंदराकडे जाई तेथे पोर्तुगीज अमदानीत अरबी घोड्यांची खरेदीविक्री चालत असे. आज मालाडच्या रस्त्यावर घोडा दिसलाच तर तो बहुधा लग्नाच्या वरातीत दिसतो. प्रवासी वाहतुकीतील त्याची जागा रेल्वे, बस आणि रिक्षा यांनी कधीच घेतली, आणि दक्षिण मुंबईत हौसेपुरत्या उरलेल्या व्हिक्टोरिया गाड्याही मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये बेकायदा ठरवल्या. तरीही घोड्याशी निगडित व्यवसाय शहरातून हद्दपार झालेले नाहीत. ते वाहतुकीकडून शर्यती, क्रीडाप्रकार आणि पशुवैद्यक यांच्याकडे सरकले आहेत. या व्यवसायांत शिरू पाहणाऱ्या उपनगरातील पदवीधराला शिक्षण आणि नोकरी यांच्यामधला एक टप्पा पार करावा लागतो. त्याला आंतरवासिता म्हटले, इंटर्नशिप म्हटले किंवा प्रशिक्षणार्थी काळ म्हटले, तरी त्याचे खरे स्वरूप जुन्या उमेदवारीचे आहे, म्हणजे अनुभवी माणसाच्या हाताखाली, बेताच्या मोबदल्यात, काम करता करता काम शिकण्याचे.

या क्षेत्राचे सर्वांत औपचारिक प्रवेशद्वार म्हणजे परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या बाई साकरबाई पशुरुग्णालयाच्या आधाराने ते 1886 मध्ये सुरू झाले आणि जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होते. मुंबईच्या ट्रामगाड्या 1874 पासून 1905 पर्यंत घोडेच ओढत असल्याने त्या काळच्या पशुवैद्याला घोड्याचे दुखणे कळणे हा पोटापाण्याचा प्रश्न होता. आजचा पशुवैद्यकाचा पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातील अखेरचे एक वर्ष आंतरवासितेचे, म्हणजे देखरेखीखाली प्रत्यक्ष उपचार करण्याचे असते. परंतु शहरी दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांत कुत्री-मांजरे अधिक आणि घोडे कमी असल्याने, अश्ववैद्यकच करायचे ठरवलेल्या विद्यार्थ्याला शर्यतीच्या पागा, पुण्याच्या परिसरातील घोडपैदास केंद्रे किंवा अश्वारोहण क्लब यांचा रस्ता धरावा लागतो. ज्यांची पदवी पशुवैद्यकाची नाही, पण ज्यांना स्वार, प्रशिक्षक किंवा पागेचे व्यवस्थापक व्हायचे आहे, त्यांचीही वाट शेवटी तेथेच येऊन मिळते.

मुंबईत अशा उमेदवारीचे प्रमुख ठिकाण महालक्ष्मी आहे. तेथील रेसकोर्स 1883 मध्ये तयार झाले. त्याचे संचालन करणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या नावातील पहिली उपाधी 1935 मध्ये मिळाली, आणि त्याच आवारात 1942 मध्ये अमॅच्युअर रायडर्स क्लब ही अश्वारोहण शिकवणारी संस्था स्थापन झाली. टर्फ क्लबच्या शर्यती हिवाळ्यात मुंबईला आणि पावसाळ्यात पुण्याला होत असल्याने घोडे, सईस आणि प्रशिक्षक दरवर्षी घाट चढतात आणि उतरतात. पुण्याला याच क्लबची शिकाऊ जॉकींसाठी शाळाही आहे. तळेगावजवळचे जपालूप हे केंद्र मात्र शर्यतीऐवजी अडथळ्यांवरून उड्या मारणे यांसारख्या क्रीडाप्रकारांसाठी ओळखले जाते. मालाडहून महालक्ष्मी रेल्वेने सुमारे 23 किलोमीटर दूर आहे, आणि पागेचे काम उजाडण्यापूर्वी सुरू होत असल्याने उपनगरातील उमेदवाराला पहाटेची धीमी लोकल चुकवून चालत नाही.

शिकण्याचा क्रमही ठरलेला असतो, आणि त्यात खोगिरावर बसणे बरेच नंतर येते. उमेदवार आधी ठाणातली लीद काढतो, रात्रीचे वैरण किती उरले ते पाहतो आणि मगच घोड्याला हात लावतो. निरोगी प्रौढ घोड्याचे तापमान साधारणपणे 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस आणि नाडीचे ठोके विश्रांतीत मिनिटाला 28 ते 44 असतात. हे आकडे पुस्तकात असले, तरी जबड्याच्या कडेखालची रक्तवाहिनी बोटांना अचूक सापडायला सराव लागतो. घोड्याला ओकारी होत नाही आणि देहाच्या मानाने त्याचे जठर लहान असते, त्यामुळे चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, एकदम न देता थोडीथोडी विभागून दिली जाते. पोटशूळ हा पागेतील सर्वांत धास्तीचा आजार असल्याने कुशीला कान लावून आतड्यांचा गुरगुराट ऐकण्याची सवय उमेदवाराला लवकर लावून घ्यावी लागते. खूर साफ करताना लोखंडी आकडी टाचेकडून पुढे ओढायची असते, आणि तळव्याच्या मध्यभागी असलेल्या त्रिकोणी, रबरासारख्या भागाला ती टोचू द्यायची नसते. त्यानंतर खरारा, म्हणजे अंगावरची धूळ आणि मेलेले केस काढणारी घासणी, आणि तो करताना हाताखाली लागणारी सूज किंवा ऊब नोंदवणे. बाहेरून स्वच्छतेसारखे दिसणारे हे काम प्रत्यक्षात रोजची वैद्यकीय तपासणी असते.

ही तपासणी उमेदवाराला शिकवणारा माणूस बहुधा पदवीधर नसतो. घोड्याचा नित्य सांभाळ करणारा सईस आणि त्याला नाल ठोकणारा नालबंद यांच्याकडे असलेले ज्ञान प्रमाणपत्रात नोंदलेले नाही. ते पाहून, चुकून आणि पुन्हा करून मिळवलेले असते. घोड्याने नेहमीच्या वेळी चंदीकडे पाठ फिरवली, तर तापमापकाने सांगण्याआधीच काहीतरी बिनसले आहे हे सईसाच्या ध्यानात येते. उलट ताप कशामुळे आला असेल, कोणती तपासणी करावी आणि औषधाची मात्रा किती असावी, हे पदवीधराचे क्षेत्र आहे. पदवीधराने सईसाला ‘तू’ म्हणावे की ‘मामा’, ‘चाचा’ अशी हाक मारावी, यावरूनच पुष्कळदा त्याची उमेदवारी सुफळ होणार की नाही ते ठरते, कारण ज्याला मान मिळत नाही तो सईस आपले निरीक्षण सांगायला पुढे येत नाही.

मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर, असा भेद होता. त्या अर्थाने आजचे बहुतेक उमेदवार बारगीरच होत. क्लबचा, मालकाचा किंवा प्रायोजकाचा घोडा त्यांच्या वाट्याला येतो आणि उद्या तो दुसऱ्याकडे जाऊही शकतो. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची जी व्यवस्था सांगितली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पाणी वाहणारा, व एक नालबंद येतो. स्वाराच्या मागे उभ्या असलेल्या कारागिरांची ही अधिकृत गणना आजच्या क्रीडाव्यवस्थेला अजून साधलेली नाही.

उमेदवारीच्या काळात स्थित्यंतर एकट्या माणसाचे होत नाही. भारतीय अश्वारोहण क्लबांतील अनेक घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे वेगासाठी पैदास केलेल्या जातीचे असतात. शर्यतीच्या घोड्याला लगाम ताणला गेला की त्यावर भार टाकून पुढे धावण्याची सवय असते, तर नवशिक्याला हवा असतो तो लगामाच्या हलक्या इशाऱ्याने थांबणारा घोडा. जॉकीला चालत्या घोड्यावर चढवले जाते. क्लबच्या घोड्याला स्वार बसेपर्यंत स्थिर उभे राहावे लागते. म्हणून अशा घोड्याला आधी काही काळ विश्रांती देतात, मग लांब दोरीवर वर्तुळात फिरवून दुडकी चाल संथ करतात आणि त्यानंतरच पाठीवर स्वार बसवतात. या निवृत्त घोड्यांचा आणखी एक मार्ग पुण्याच्या औद्योगिक इतिहासाला जाऊन मिळाला आहे: पूनावाला घराण्याच्या पैदास केंद्रातील निवृत्त घोडे सर्पदंश, धनुर्वात यांवरील प्रतिविष बनवण्यासाठी परळच्या हाफकिन संस्थेकडे जात, आणि त्याच अनुभवातून 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

महाराष्ट्रातून पुढची पायरी पुष्कळदा युरोपची असते. मुंबईच्या अमॅच्युअर रायडर्स क्लबच्या परंपरेतील इम्तियाझ अनीस यांनी 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले होते. मुंबईचा हृदय छेडा, इंदूरची सुदिप्ती हजेला, कोलकात्याचा अनुष अगरवाला आणि जयपूरची दिव्यकृती सिंह यांनी युरोपात वर्षानुवर्षे प्रशिक्षण घेऊन 26 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळवले. ड्रेसाज म्हणजे 60 मीटर लांब व 20 मीटर रुंद आखाड्यात ठरलेल्या हालचाली घोड्याकडून जवळजवळ अदृश्य इशाऱ्यांनी करवून घेणे. चौघांपैकी सर्वोत्तम तीन गुण धरले जातात, आणि भारताचे 209.205 हे अनुष (71.088), हृदय (69.941) आणि दिव्यकृती (68.176) यांच्या गुणांची बेरीज होती, सुदिप्तीचे गुण बेरजेत आले नाहीत, पण पदक तिचेही होते. घर सोडून परक्या पागेत राहणाऱ्या तरुणांच्या मैत्रीचे स्वरूपही असेच असते. आपला घोडा आजारी असताना दुसऱ्याने रात्रीची फेरी घालणे, किंवा सणाच्या दिवशी एकाने सर्वांच्या घोड्यांना चंदी देणे, याची नोंद कोणत्याही गुणपत्रकात होत नाही.

परदेशी जाण्यामागे प्रशिक्षणाएवढेच रोगनियंत्रणाचेही कारण आहे. ग्लँडर्स, सर्रा यांसारख्या संसर्गजन्य रोगांच्या भीतीने भारतातून घोडे परदेशी स्पर्धांना नेणे फार अवघड होते, आणि म्हणून भारतीय स्वार युरोपातच घोडे ठेवत आले. मेरठ छावणीतील लष्कराच्या रिमाउंट व पशुवैद्यकीय केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने जुलै 2025 मध्ये देशातील पहिला रोगमुक्त अश्वविभाग म्हणून मान्यता दिल्याने ही कोंडी फुटण्याची सुरुवात झाली आहे. दुसरीकडे महालक्ष्मीच्या 211 एकरांपैकी 120 एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचे 2024 मध्ये ठरल्याने शहरातील घोड्यांची जागा आक्रसणार आहे. भारतात राहून आंतरराष्ट्रीय दर्जाचा घोडा घडवण्याची शक्यता वाढत असताना तो घडवणारे हात कोठे तयार होणार, हा प्रश्न त्यामुळे अधिक तातडीचा झाला आहे. उमेदवाराची कामे, कामाचे तास आणि मोबदला लेखी ठरवणे, तसेच सईस व नालबंद यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन त्यांना प्रशिक्षक म्हणून प्रमाणित करणे, या दोन गोष्टी झाल्या तर मालाडहून पहाटे निघणाऱ्या पदवीधराला युरोप ही एकमेव पुढची पायरी राहणार नाही.