बांबूचे कापड : घरी कसे बेतावे व कसे शिवावे

बांधावरचे बांबूचे बेट आमच्या वाचकांस नवे नाही. सूप, टोपली, कणगी, मांडवाचे खांब आणि वईच्या काठ्या यांच्या रूपाने बांबू प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वावरत आला आहे. त्याच बांबूचे अंगात घालावयाचे मऊ कापड मिळू लागले, ही गोष्ट मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील आहे. अलीकडे ते आपल्याकडील शहरांत मीटरने मिळते, आणि ज्या घरी शिलाईचे यंत्र आहे तेथे त्याचे कपडे शिवून पाहण्याची इच्छा होणे साहजिक आहे. आमच्या घरी ती झाली व पहिल्याच खेपेस आमची फजिती झाली. तीतून जे शिकावयास मिळाले ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणजे दुसऱ्यांचे कापड व पैसा वाचेल, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात. बांधाला माणग्याची बेटे आहेत. गेल्या चैत्रात चिरंजीवांनी शहरातून पाच मीटर पांढरे बांबूचे कापड आणले. सूनबाई शिवणकामात तरबेज असून गावातील पुष्कळ घरांचे कपडे शिवून संसारास हातभार लावतात. त्यांनी आमच्या जुन्या सुती सदऱ्याच्या मापाबरहुकूम नवा सदरा शिवला. तो अंगास इतका हलका व गार लागला की, आम्ही चार घरी दाखवून आलो. परंतु पहिल्या धुण्यानंतर चाळीस इंच लांबीचा सदरा दोन इंचांनी आखूड झाला, बाह्या मनगटाच्या वर गेल्या, मुंढा बगलेत रुतू लागला आणि पिळून काढल्यामुळे बगलेजवळचे धागे शिवणीपासून सरकले.

सारी नोकरी महसुली दप्तरात क्षेत्राचा व आकाराचा मेळ घालण्यात गेल्यामुळे, आम्ही सवयीप्रमाणे चूक मोजणाराच्या माथी मारली व सूनबाईंस चार शब्द बोललो. त्यांनी उलट उत्तर केले नाही. उरलेल्या कापडाच्या एका कोपऱ्यावर त्यांनी आमच्यासमोर दहा इंच लांब व दहा इंच रुंद असा चौकोन दोऱ्याने आखला, कापड पाण्यातून काढून सावलीत वाळविले आणि दुसऱ्या दिवशी मोजपट्टीसह आमच्यापुढे ठेवले. "मामंजी, आता तुम्हीच मोजा," एवढेच त्या म्हणाल्या. उभ्या धाग्याची बाजू साडेनऊ इंच भरली. माप बरोबर होते. कापड आटले होते. चूक आमची होती, हे तेथेच कबूल करणे आम्हांस भाग पडले. सुती सदऱ्याचे माप ज्या कापडास लावले, ते कापड कोणत्या जातीचे आहे याची चौकशीच आम्ही केली नव्हती.

हे कापड कोणत्या कुळीचे?

बांबूचे कापड म्हटले की, अंबाडीप्रमाणे बांबू कुजवून त्याचा वाख काढला असेल, असे आपणांस वाटते. तशा रीतीने काढलेला बांबूचा धागा असतो. परंतु तो राठ व महाग असून बाजारात क्वचितच दृष्टीस पडतो. मऊ व झुळझुळीत असे जे बांबूचे कापड दुकानात मिळते, ते बहुतेक सर्व वस्तुतः रेयॉन होय. बांबूच्या लगद्यावर प्रथम कॉस्टिक सोड्याची व मग कार्बन डायसल्फाइडची क्रिया करून त्याचा मधासारखा दाट द्रव करतात. तो द्रव अति बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला म्हणजे त्याचे तंतू बनतात. लगद्यापासून असे तंतू काढण्याची ही कृती इंग्लंडात क्रॉस, बेव्हन व बीडल या तिघांनी १८९२ साली शोधून काढली. तिला व्हिस्कोस असे नाव आहे. लगदा निलगिरीचा असो वा बांबूचा, एकदा विरघळून पुन्हा तंतू झाल्यावर दोहोंत फारसा भेद राहत नाही.

म्हणून "नैसर्गिक", "जंतुनाशक" अशा चिठ्ठ्यांवर विसंबू नये. अमेरिकेतील संघीय व्यापार आयोगाने २००९ सालापासून अशा जाहिरातींविरुद्ध कारवाई चालविली आहे. २०२२ साली तर रेयॉनचा माल बांबूचा म्हणून विकल्याबद्दल वॉलमार्ट व कोल्स या दोन मोठ्या व्यापारी कंपन्यांना मिळून ५५ लक्ष डॉलर दंड भरावा लागला. बांबूच्या झाडात काही गुण असले तरी, वर सांगितलेल्या रसायनांतून निघालेल्या तंतूत ते उरतात असा पुरावा नाही. शिवाय कार्बन डायसल्फाइडची वाफ गिरणीतील कामगारांच्या मज्जातंतूंस अपाय करते, हेही विसरून चालणार नाही. लायोसेल नावाची दुसरी एक कृती आहे. तीत हे रसायन लागत नाही व वापरलेला द्रावक जवळजवळ सर्व परत मिळवितात. चिठ्ठीवर "बांबू लायोसेल" असे लिहिलेले मिळाल्यास ते अधिक पसंत करावे.

या कापडात गुण नाहीत असे आमचे म्हणणे नाही. ते सुतापेक्षा अधिक ओलावा शोषून घेते, अंगास मऊ लागते व उकाड्यात सुखकर होते. मात्र त्याचा एक मोठा दोष ध्यानी धरला पाहिजे. सुती धागा ओला झाला म्हणजे अधिक बळकट होतो. व्हिस्कोसचा धागा ओला झाला की त्याचे बळ सुमारे निम्म्यावर येते. याची परीक्षा घरी करता येते. काठातून एक धागा काढून मध्यभागी ओला करावा व दोन्ही टोकांनी ओढावा. तो ओल्या जागीच तुटला तर रेयॉन समजावे. कापडाची चिंधी पेटविली असता कागदाचा वास येऊन मऊ राख पडते. राखेऐवजी वितळून कठीण मणी झाला, तर आत पॉलिएस्टरची भेसळ आहे.

बेतण्यापूर्वी

१. लागणाऱ्या कापडाहून दहा टक्के कापड अधिक घ्यावे. अडीच मीटर लागत असेल तेथे पावणेतीन मीटर घ्यावे.

२. कापड कोरे असतानाच, पुढे ज्या रीतीने धुवावयाचे त्याच रीतीने एकदा, शक्य तर दोनदा, धुवावे. पिळू नये, पंचात गुंडाळून दाबावे व सावलीत पसरून वाळवावे. ओले असता दोरीवर लोंबत ठेवल्यास ते स्वतःच्या भाराने ताणले जाते.

३. वाळल्यावर उलट बाजूने मध्यम आचेची इस्त्री करून एक रात्र सपाट जागी मोकळे पसरून ठेवावे, म्हणजे ताण निघून जातो.

४. बेतताना हे कापड हातातून निसटते. याकरिता जमिनीवर सुती चादर घालून तीवर ते पसरावे, उभा धागा सरळ आहे हे पाहावे आणि कागदी नमुना बारीक टाचण्यांनी पक्का करूनच धारदार कात्री चालवावी. बोथट कात्री धागे ओढते.

शिलाई

विणलेल्या पातळ कापडास अकरा नंबरची नवी सुई पुरते. जाड किंवा बोथट सुईने धागा ओढला जाऊन चरा पडतो. बनियनसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडास गोल टोकाची सुई व नागमोडी टाका पाहिजे. सरळ टाका घातल्यास कपडा ताणताच दोरा तुटतो. साध्या शिवणीस इंचाला दहा टाके ठीक पडतात. प्रथम चिंधीवर टाका तपासून मगच कपड्यास हात लावावा.

गळा व मुंढा हे उरेब भाग कापताच ताणू लागतात. ते कापल्याबरोबर कडेपासून पाव इंचाच्या आत एकेरी शिलाई घालून ठेवावी, म्हणजे आकार बिघडत नाही. कापडाच्या कडा लवकर सुटतात. यास्तव शिवण दुहेरी घालून कड आत दडवावी. खालची दुमड मात्र त्याच दिवशी घालू नये. सदरा किंवा झगा एक दिवस टांगून ठेवावा. उरेब भाग जेवढा उतरावयाचा तेवढा उतरला म्हणजे घेर समान करून मग तुरपाई करावी.

अंगावर बसविणे

कपडा अंगावर बसविताना आमच्यासारखी घाई करू नये. यंत्राची शिलाई उसवली तर या कापडावर सुईची भोके दिसत राहतात. म्हणून तीरा, बगल व बाह्या आधी हाताने धावदोरा घालून जोडाव्यात. मग कपडा घालून दोन्ही हात वर करावेत, पुढे वाकावे आणि मांडी घालून बसावे. हात वर करता सदरा फार वर चढला, किंवा वाकताना पाठ ताणली गेली, तर शिवणीतून मोकळीक द्यावी. सदऱ्यास छातीच्या मापावर चार ते सहा इंच सैलपणा असावा. हे कापड अंगाला लगटून राहते, म्हणून फार तंग बेतल्यास नुसते वाईट दिसत नाही, तर शिवणीवर ताण येऊन धागे सरकतात. बगलेत कळी घातल्यास हा ताण पुष्कळ कमी होतो. बाजूंना एक इंच व खाली दोन इंच माया ठेवावी. पुढे कपडा आणखी किंचित आटला, तरी ही माया उपयोगी पडते.

हे कपडे कोणी वापरावेत?

लहान मुलांची झबली, वृद्धांचे रात्रीचे कपडे व उन्हाळ्यात घरी घालावयाचे सदरे यांस हे कापड चांगले. शेतात मात्र ते उपयोगाचे नाही. घामाने व पावसाने भिजलेले, काट्याकुट्यांत अडकणारे, दगडावर आपटून धुतले जाणारे कपडे या धाग्यास सोसत नाहीत. तेथे आपली जाडीभरडी सुती बंडीच खरी.

शेवटी बांधावरच्या बांबूविषयी दोन शब्द. १९२७ च्या वन अधिनियमात वृक्षाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता; २०१७ साली दुरुस्ती होऊन तो वगळला गेला आणि खाजगी जमिनीतील बांबू तोडण्या-विकण्यातील मोठी अडचण दूर झाली. ही शेतकऱ्याच्या फायद्याची गोष्ट आहे. परंतु बांबूचे कापड विकत घेतले म्हणजे आपल्या बांबूस गिऱ्हाईक मिळाले, असे मात्र समजू नये. या कापडाचा बहुतेक तंतू चीनमध्ये तयार होतो, आणि त्यास लगद्याची मोठी गिरणी लागते. आपला माणगा काठी, मांडव व फर्निचर यांच्या बाजारातच पैसा देतो. तेव्हा चढी किंमत द्यावयाची ती कापडाचा मऊपणा पाहून द्यावी, नावाकडे पाहून देऊ नये.

उरलेले अडीच मीटर कापड सूनबाईंनी पुन्हा धुऊन, वर सांगितलेल्या रीतीने आमचा दुसरा सदरा शिवला. त्यास आज कित्येक धुणी झाली. लांबी जागची हललेली नाही. पहिला सदरा कापून नातवाची दोन झबली झाली. आता घरात नवे कापड आले की, आम्ही प्रथम दहा इंचांचा चौकोन आखतो, आणि मापाविषयी बोलण्यापूर्वी तो वाळेपर्यंत थांबतो. वाचकांनीही तसे करावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.