सत्तावीस सालच्या यँकीजचा पहिला गडी

8 ऑक्टोबर 1927. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर वर्ल्ड सीरिजचा चौथा सामना नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात 3-3 असा अडला होता. समोर पिट्सबर्ग पायरेट्स, आणि आधीचे तिन्ही सामने यँकीजने जिंकलेले. इनिंगची सुरुवात अर्ल कॉम्ब्जने केली, तीही चेंडूला बॅट न लावता. चार वाईट चेंडू त्याने सोडून दिले आणि वॉक घेऊन तो पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. मग मार्क कनिगने बंट केला, म्हणजे बॅट नुसती पुढे धरून चेंडू हलकेच ढकलला, आणि तोही बेसवर पोचला. पिचर जॉनी मिल्जसचा एक चेंडू भरकटला, तेवढ्यात कॉम्ब्ज तिसऱ्या बेसवर पोचला. बेब रूथला मुद्दाम वॉक देण्यात आला. तिन्ही बेस भरलेले आणि बाद कुणीच नाही, अशा अवस्थेत मिल्जसने लू गेरिग आणि बॉब म्यूझेल या दोघांना लागोपाठ स्ट्राइकआउट केलं. असं धैर्य दाखवणाऱ्या पिचरला खरं तर यश मिळायला हवं होतं. पण टोनी लझेरी समोर असताना त्याच्या हातून आणखी एक चेंडू सुटला, आणि कॉम्ब्ज धावत घरी आला. जगज्जेतेपद ठरवणारी धाव रूथच्या किंवा गेरिगच्या बॅटमधून आली नव्हती. क्रमातल्या पहिल्या गड्याने ती शांतपणे मिळवली होती.

बेसबॉलमधला सर्वश्रेष्ठ संघ कोणता, हा वाद निघाला की 1927च्या यँकीजचं नाव येतंच. 110 विजय, 44 पराभव. रूथचे 60 होमरन, आणि अमेरिकन लीगमधल्या इतर कुठल्याही अख्ख्या संघाचे मिळूनही त्याहून कमी. गेरिगचे 47. या संघाबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक या दोन नावांभोवती फिरतं. मला मात्र वाटतं, हा संघ समजून घ्यायचा असेल तर यादी वरूनच वाचायला हवी.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला इथे थोडं थांबावं लागेल. आपल्याकडे कर्णधार ऐन सामन्यात फलंदाजीचा क्रम फिरवू शकतो. बेसबॉलमध्ये नऊ जणांची यादी सामन्याआधी अंपायरच्या हातात जाते आणि क्रम तोच राहतो. खेळाडू बदलला तर नवा माणूस जुन्याच्याच जागी येतो. तीन गडी बाद झाले की इनिंग संपते, आणि पुढची इनिंग सुरू होते ती जिथे थांबलो त्याच्या पुढच्या गड्यापासून. म्हणजे लीडऑफ, अर्थात यादीतला पहिला फलंदाज, इनिंगची सुरुवात हमखास करतो ती सामन्यात एकदाच. तरीही ती जागा मोलाची आहे. सामना संपताना हे चक्र नऊपैकी कुणावरही थांबू शकतं, म्हणून 154 सामन्यांच्या त्या काळच्या हंगामात क्रमाची एक पायरी खाली उतरणं म्हणजे साधारण सतरा वेळा कमी बॅटिंग. पहिल्या आणि नवव्या गड्यातला फरक सव्वाशे संधींच्याही वर जातो. फलंदाजीत सहसा सर्वात कच्चा असणारा पिचर त्या काळी नववा असे, ते याचमुळे.

आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाठून कोण येतं. होमरनची किंमत ठरलेली नसते. बेस रिकामे असतील तर एक धाव, एक माणूस उभा असेल तर दोन, तिन्ही भरलेले असतील तर चार.

व्यवस्थापक मिलर हगिन्सची नेहमीची मांडणी अशी होती: कॉम्ब्ज, कनिग, रूथ, गेरिग, म्यूझेल, लझेरी, मग जो ड्यूगन, कॅचर आणि पिचर. सहाव्या क्रमांकावर येणाऱ्या लझेरीचे 18 होमरन लीगमध्ये तिसऱ्या क्रमांकाचे होते, यावरून या यादीची खोली कळते. रूथला त्या वर्षी 137 वॉक मिळाले. त्याला सोडून दिलं तरी पुढे गेरिग उभाच, त्यामुळे पिचरला कुठूनही सुटका नव्हती.

कॉम्ब्ज हा केंटकीच्या डोंगराळ भागातला, शिक्षकाचं शिक्षण घेतलेला आणि एकखोली शाळेत शिकवलेला माणूस. शांत, सभ्य, दारू-सिगारेटपासून लांब. लुइव्हिलच्या संघात असताना वेगामुळे तो टपालवाला म्हणून ओळखला जाई, इतक्या तडफेने बेस चोरायचा, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठायचा. हगिन्सने त्याला न्यूयॉर्कमध्ये वेगळंच काम दिलं. इथे बेस चोरायचे नाहीत. पहिल्या बेसवर पोचायचं आणि रूथ किंवा गेरिग फटका मारेपर्यंत तिथे थांबायचं.

या सूचनेमागचा हिशेब पक्का आहे. चोरी फसली तर एक गडी फुकट गेला आणि रूथसमोर बेस रिकामे. चोरी साधली तर पहिला बेस मोकळा होतो, आणि मग रूथला मुद्दाम वॉक द्यायला प्रतिस्पर्ध्याची काहीच हरकत उरत नाही. तिसरी गोष्ट अधिक बारीक आहे. पहिल्या बेसवर धावपटू असला की तिथल्या फिल्डरला त्याला जखडून ठेवण्यासाठी बेसला चिकटून उभं राहावं लागतं. त्याने उजव्या बाजूला भगदाड पडतं. रूथ आणि गेरिग दोघेही डावखुरे, दोघांचेही जोरदार फटके त्याच बाजूला जाणारे. कॉम्ब्ज नुसता उभा राहून मैदानाचा आकार बदलत होता. इतक्या वेगवान खेळाडूच्या नावावर सबंध कारकिर्दीत शंभरही चोऱ्या नाहीत. आपली सर्वात ठळक कला दुसऱ्यांच्या फटक्यांसाठी बाजूला ठेवणं सोपं नसतं, आणि त्याबद्दल मला या माणसाचा फार आदर वाटतो.

वेग वाया मात्र गेला नाही. यँकी स्टेडियमची डावी-मधली बाजू तेव्हा पाचशे फुटांच्या जवळपास खोल होती. त्या पसाऱ्यात चेंडू फिल्डरांच्या मधून गेला की कॉम्ब्ज तिसरा बेस गाठूनच थांबे. 1927मध्ये त्याचे 23 ट्रिपल आणि 231 हिट्स, दोन्ही लीगमध्ये सर्वाधिक. सरासरी .356, बरोबर रूथइतकीच. त्याने धावा काढल्या 137, रूथने 158, गेरिगने 149. संघाच्या 975 धावांपैकी 444 या तिघांच्या पायांनी आल्या.

1929मध्ये यँकीजने पाठीवर कायमचे क्रमांक लावले तेव्हा ते फलंदाजीच्या क्रमानेच वाटले: कॉम्ब्ज 1, कनिग 2, रूथ 3, गेरिग 4. रूथच्या तीनचा आणि गेरिगच्या चारचा पुढे केवढा महिमा झाला! 1 हा क्रमांकही यँकीजने पुढे निवृत्त केला, म्हणजे पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं, पण तो बिली मार्टिनच्या सन्मानार्थ.

1934मध्ये सेंट लुइसच्या स्पोर्ट्समन्स पार्कमध्ये चेंडूमागे धावताना कॉम्ब्ज भिंतीवर आदळला आणि त्याच्या कवटीला तडा गेला. तो परतला, पण 1935 हा त्याचा अखेरचा हंगाम ठरला. पुढे त्याच संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याने नवख्या जो डिमॅजिओला त्या अवाढव्य मध्यमैदानाच्या खाचाखोचा शिकवल्या. हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली ती 1970मध्ये, खेळ सोडल्यानंतर पस्तीस वर्षांनी.

दरम्यान लीडऑफ या जागेची कल्पनाच बदलत गेली. रिकी हेंडरसनने ती हगिन्सच्या पद्धतीच्या नेमकी उलट वापरली. 1982च्या एका हंगामात 130 चोऱ्या, कारकिर्दीत 1406, शिवाय सामन्याच्या आरंभीच मारलेले 81 होमरन. 2024मध्ये मुकी बेट्सचा हात मोडल्यावर लॉस एंजेलिस डॉजर्सने शोहेई ओतानीला पहिल्या क्रमांकावर आणलं. त्या हंगामात त्याचे 54 होमरन आणि 59 चोऱ्या झाल्या, आणि डॉजर्सने वर्ल्ड सीरिज जिंकली ती यँकीजलाच हरवून. सर्वोत्तम फलंदाजाला जास्तीत जास्त संधी द्या, हे आजच्या विश्लेषकांचं सांगणं. त्यांच्या हिशेबाने रूथही पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकावर गेला असता.

मला हे सत्तावीस सालच्या संघाबाबत पटत नाही. आजच्या डॉजर्सचा नववा गडी हाही खरा फलंदाज असतो, त्यामुळे दुसऱ्या फेरीपासून ओतानीपुढे बेसवर कुणी असण्याची शक्यता बरी असते. रूथला पहिला पाठवला असता तर त्याच्या आधी, पहिली इनिंग सोडली तर, हगिन्सचा पिचर आणि कॅचर आले असते. त्या जागी कॉम्ब्ज होता, शंभरात एकेचाळीस वेळा बेसवर पोचणारा आणि 648 अधिकृत खेपांत फक्त 31 वेळा स्ट्राइकआउट होणारा. रूथने त्या वर्षी आपल्या फटक्यांनी 165 धावा घरी आणल्या. त्यातल्या साठ वेळा तो स्वतःच घरी आला होता. बाकीच्या एकशे पाच धावांसाठी त्याच्या आधी कुणीतरी बेसवर असणं गरजेचं होतं.