समुद्रावरील बिनतारी : लेखांक सातवा

उल्हास नदीच्या काठच्या वाचकांपुढे समुद्राची गोष्ट काढणे अप्रस्तुत वाटेल खरे; परंतु अंबरनाथ-बदलापूरच्या शेजारचे उल्हासनगर ज्यांनी वसविले, त्यांतील कित्येक सिंधी कुटुंबे फाळणीनंतर कराचीहून आगबोटीनेच मुंबई बंदरी उतरली, मग त्यांची रवानगी कल्याणच्या लष्करी छावणीत झाली, आणि त्या छावणीस १९४९ साली आजचे नाव मिळाले. बंदर सुटल्यापासून धक्का लागेपर्यंत आपली खुशाली कळविण्याचे, निर्वासिताच्या खिशाला पेलेल असे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

फाळणीच्याच वर्षी, १७ जुलैला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकानजीक उलटली. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हते. त्यामुळे मुंबईच्या इतक्या निकट सहाशेंहून अधिक माणसे बुडाली तरी शहराला त्याची खबर लागावयास कित्येक तास गेले. उलटपक्षी ‘टायटॅनिक’वर १९१२ साली उत्तम यंत्र होते, पण उतारूंच्या खासगी तारा किनाऱ्यावरील केप रेसच्या ठाण्याकडे धाडण्यात तारमास्तर इतके गढून गेले होते की, जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ बोटीकडून येणारा बर्फाचा इशारा त्यांनी मध्येच थांबविला. बोटीवरून संदेश जाण्याची सोय असणे हा अर्धाच प्रश्न होय. कोणाचा संदेश आधी जावा, हा उरलेला अर्धा.

आता उपकरणाकडे वळू. किनाऱ्यावरील मोबाइलच्या मनोऱ्यांची साथ काही मैलांपर्यंतच मिळते, कारण पृथ्वीच्या बाकामुळे मनोरा क्षितिजाआड जातो. मुंबईहून मांडव्याच्या तासाभराच्या फेरीत ही अडचण फारशी जाणवत नाही. लांबच्या सफरीस मात्र विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाचा आश्रय करावा लागतो. बोटीच्या माथ्यावर जो पांढरा घुमट दिसतो, त्याच्या पोटात एक थाळी असते, आणि बोट कितीही हेलकावली तरी लहान मोटारींच्या साहाय्याने ती आपले तोंड त्या एका बिंदूवरून ढळू देत नाही. हा घुमट पिण्याच्या पाण्याची टाकी समजणारे उतारू मी पाहिले आहेत. बोटीवरून विचारलेला प्रश्न उपग्रहापर्यंत वर जाऊन खाली येणे व उत्तराने तीच वाट उलट तुडविणे, यांत सुमारे अर्धा सेकंद मोडतो. म्हणून फोनवर दोघेही एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम थबकतात. साडेपाचशे किलोमीटर उंचीच्या आसपास फिरणाऱ्या नव्या उपग्रहांनी हा विलंब पुष्कळ घटविला आहे.

भारत सरकारने समुद्रावरील या उपग्रह-सेवेची नियमावली डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केली. पुढल्याच वर्षी नवी मुंबईतील नेल्को कंपनीने परवाना मिळवून जहाजांसाठी ती सुरू केली. आपल्या हद्दीतील दळणवळण भारतातील उपग्रह-ठाण्यामार्फतच व्हावे, अशी त्या नियमावलीत तजवीज आहे.

उपग्रहाची वाट मात्र अरुंद व महाग असते, आणि शेकडो उतारूंनी एकदम चित्रफिती मागविल्या तर ती तुंबते. म्हणून बोटीच्या स्वतःच्या कामाची जोडणी उतारूंच्या जोडणीपासून अलग ठेवतात व उतारूंस मोजून-मापून हिस्सा देतात. उतारू यास कंजूषपणा म्हणतात. मला तो ‘टायटॅनिक’च्या तारघरात हवा होता असे वाटते.