चार रंगांतली आत्या

“हे रे कुणाचं चित्र काढलंस?” आत्याने विचारले.

प्रश्न साधाच, पण मी पडलो शाळेतला ड्रॉइंग मास्तर, तो वर्मी लागला. कारण चित्र तिचेच होते! रत्नागिरीला, झाडगावातल्या आमच्या घरी, तिन्हीसांजेला समईपाशी बसलेली आत्या. तिचे डोळे अधू होत चाललेले. “पुरतं दिसेनासं व्हायच्या आत एकदा मलाच मला बघू दे,” एवढीच तिची मागणी. आणि मी चौदा नळ्या पिळून तिची जत्रेतली बाहुली करून ठेवली होती!

त्या रात्री आठवले सावळाराम हळदणकर. १८८२ साली सावंतवाडीला जन्मलेले. म्हणजे आपल्याच मुलखातले. १९४५-४६ च्या सुमारास त्यांनी आपल्या कन्येच्या, गीताच्या, हाती दिवा देऊन तिला जलरंगात रंगवले. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातले ते चित्र पुष्कळांना रविवर्म्याचेच वाटते. दिव्याच्या आडोशाला धरलेल्या बोटांतून उजेड लालसर झिरपतो आणि भोवतालचे सगळे काळोखात विरते. बघणाऱ्याला दिसतो तो चेहरा!

मी दहा नळ्या बाजूला ठेवल्या. उरले यलो ऑकर, व्हर्मिलियन, काळा आणि पांढरा. स्वीडनच्या आंदर्स झोर्न (१८६०–१९२०) या चित्रकाराच्या नावाने ओळखली जाते ती हीच चौकडी. समईच्या पिवळ्या उजेडात निळा असा उरतोच किती? काळ्यात पांढरा मिसळला की राखी होतो. पण तोच तांबूस रंगाशेजारी बसवा, डोळ्याला निळसर भासतो. काळ्यात ऑकर घातला की गालाखालची हिरवट सावली मिळते. आधी काळोख भरून घ्यायचा. निव्वळ पांढरा शेवटी, ज्योतीपुरता. भोवती अंधार असला म्हणजे तेवढा ठिपकाही पेटतो.

सहा संध्याकाळी लागल्या. सातव्या दिवशी सकाळी आत्याने चित्र अंगणात उन्हात आणवले. कितीतरी वेळ नाक टेकेल इतक्या जवळून बघत राहिली. मी आपला खांबाला टेकून उभा.

“आईसारखी दिसायला लागले की रे मी!” ती म्हणाली. मग पदर चाचपून हसली, “आणि माझं निळं पातळ अगदी तस्संच आलंय हो.”

चित्रात निळा रंग थेंबभरही नाही, हे मी तिला सांगितले नाही.